राखणदाराचा दोष

जगांत कांहीं कामें अशीं आहेत कीं, तीं सुरळीत चालतात तोंवर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहींत. बिघडलीं म्हणजे मात्र सर्वतोमुखीं होतात. आमच्या पेठ तालुक्यांतील भातखाचराचा बांध पावसाळाभर पाणी अडवून उभा असतो. त्याची वाहवा कोणी करीत नाहीं. एका रात्रीं तो फुटला, कीं शेजारीपाजारीहि बांध घालणाराला नांवें ठेवूं लागतात.

कबड्डींतील बचावपटूंची स्थिति अशीच आहे. चढाई करणारा गुण घेऊन परतला म्हणजे टाळ्यांचा कडकडाट होतो. पण कोपरारक्षकाच्या नुसत्या धाकानें प्रतिपक्षाचा गडी रिकाम्या हातीं परतला, तर तें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील फुटबॉलमध्यें चेंडू फेकणाराच्या पुढें पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. चेंडू झेलून धांवण्याचा मान त्यांच्या वांट्यास सहसा येत नाहीं. भिंत खचली कीं शिव्याशाप मात्र त्यांनाच. २०१४ सालीं प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली, तेव्हां पहिल्या दोन्ही हंगामांत आपली पुणेरी पलटण तळाशीं राहिली. त्या दिवसांत पकड सुटली कीं चाहत्यांनीं बोटें मोडलीं असतील, तर नवल नाहीं. प्रश्न इतकाच, कीं असा संताप न्याय्य असतो काय?

कोणी म्हणेल, प्रेक्षक पैसे मोजतो आणि खेळाडू मानधन घेतो. मग तक्रार कां करूं नये? हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. आपल्या संघाच्या हारीचें ज्यास दुःखच होत नाहीं, तो चाहता कसला? परंतु तक्रारीचा हक्क असणें निराळें आणि दोष योग्य माणसाच्या पदरीं घालणें निराळें.

या खेळाचा एक नियम पाहावा. चढाई करणारा पकडींतून निसटून मध्यरेषेस पोहोंचला, कीं त्याला ज्यांचा ज्यांचा हात लागला ते सारे बाद होतात. म्हणजे साथीदाराच्या मदतीस जो धांवला तोहि बाद. आणि जो मागील रेषेपाशीं अंग चोरून उभा राहिला, तो शाबूत! मध्यरक्षकानें उतावीळपणें झेप घेतली, तर कोपरा उघडा पडतो आणि बोल कोपऱ्यास लागतो. प्रेक्षकास बाद झालेला दिसतो. मदतीस न गेलेला दिसत नाहीं. प्रयत्न करून फसलेल्याची निंदा आणि प्रयत्नच न केलेल्यास अभय, असा उफराटा न्याय मग आपल्या हातून घडतो.

व्यवहारांतहि हेंच चालतें. एके दिवशीं भाजी खारट झाली, कीं वर्षभराच्या रुचकर जेवणाचा विसर पडतो. भर पावसांत खांबावर चढणारा वायरमन आम्हांस आठवतो, तो घरांत अंधार झाल्यावरच. निष्काळजीपणा क्षम्य आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्यानें चांगल्या दिवसांत राखणदाराचें काम डोळसपणें पाहिलें, त्यालाच वाईट दिवशीं त्याची चूक नेमकी कोठें झाली हें कळतें, आणि त्याचाच राग उपयोगी पडतो.

हीच पलटण १ मार्च २०२४ रोजीं हरियाना स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेती झाली. त्या हंगामांतील तिचा इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शाडलुई याचें नांव आज पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच्या शेजारीं साखळी धरून उभे राहिलेले किती जण आठवतात, हें मात्र प्रत्येक चाहत्यानें स्वतःस विचारून पाहावें. पुढील सामन्यांत निदान थोडा वेळ चढाईवरून दृष्टि काढून एका कोपऱ्याकडे लावावी. त्यानंतरहि राग आला, तर तो खुशाल व्यक्त करावा. त्यास न्यायाचा आधार असेल.