फोटो कुणाचा?



आईच्या महिन्याच्या मिस्सेसाठी स्मरणपत्रिका छापायची होती. आम्हा चौघा भावंडांच्या मोबाईलमध्ये आणि घरच्या कॉम्प्युटरवर मिळून हजारो फोटो होते. बाप्तिस्मे, लग्ने, वेलंकनीची यात्रा, नाताळचे गोठे. तीन रात्री शोधले. आई बहुतेक ठिकाणी होती; पण कडेला, हातात ताट घेतलेली, अर्धी कापली गेलेली. शेवटी मावशीच्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो मिळाला. त्याच्या मागे पेन्सिलने आईचे नाव, तारीख आणि कुणाच्या लग्नातला ते लिहिलेले होते.

त्याच शोधात आणखी एक फोटो समोर आला. इस्पितळातला. नाकात नळी, केस विस्कटलेले. ‘प्रार्थना करा’ असे लिहून तो मीच नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला होता. पुढे तो कुठे कुठे गेला, देव जाणे. आई पदर नीट केल्याशिवाय कधी कुणाला फोटो काढू देत नसे. या फोटोच्या वेळी मात्र तिला कुणी विचारले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. फोटो कुणाचा? ज्याच्या हातात मोबाईल त्याचा, की ज्याचा चेहरा त्याचा?

उत्पत्तीच्या पुस्तकात नवव्या अध्यायात नोहाची गोष्ट आहे. तो द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला होता. हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ मात्र वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले आणि त्यांनी वडिलांना झाकले. हामने खोटे काही सांगितले नव्हते. जे पाहिले तेच सांगितले. तरीही तो चुकला, कारण वडिलांची असहाय अवस्था ही इतरांना दाखवण्याची गोष्ट नव्हती. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात हामची ती संधी आहे.

कुणी म्हणेल, “हेतू तर चांगला होता! त्या फोटोमुळे लोकांनी प्रार्थना केली.” खरे आहे. पण प्रार्थनेसाठी नाव पुरेसे होते. मिस्सेत आपण आजाऱ्यांची नावेच घेतो. धान्याचे पाकीट घेणाऱ्या गरिबाचा फोटो काढतानाही हेच लागू होते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, असे प्रभू येशूने शिकवले आणि आपण ते साऱ्या गावाला दाखवतो.

मग फोटो काढूच नयेत का? तसे नाही. आठवण जपणे हे ख्रिस्तसभेचे जुनेच काम आहे. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नाची नोंद वहीत ठेवण्याचा नियम केला. वधूवर, साक्षीदार, दिवस आणि ठिकाण. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे. एवढ्या एका ओळीच्या आधारे आज माणसे आपल्या खापरपणजोबांपर्यंत पोहोचतात. आपल्याकडे हजारो फोटो आहेत, पण नाव नसेल तर नातवंडांना त्यातून काय कळणार?

म्हणून फोटोंचे आपण मालक नाही, कारभारी आहोत. कारभाऱ्याने दोन कामे करावीत. पहिले, नीट सांभाळावे. एकसारख्या दहांतला एक ठेवावा. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग लिहावा, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. मोबाईल हरवला की सर्व गेले, असे होऊ नये. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने कमी होतो. जपायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसून जुन्या फोटोंतली नावे आजच लिहून घ्यावीत. उद्या सांगणारे कुणी नसेल.

दुसरे, वाटण्याआधी विचारावे. मुलाचा असेल तर आईवडिलांना विचारावे. जो आजारी आहे, बोलू शकत नाही, त्याचा वाटूच नये. एकदा हातातून गेलेला फोटो परत आणता येत नाही.

इस्पितळातला तो फोटो मी पुसला आणि गटावर सर्वांना पुसण्याची विनंती केली. किती जणांनी पुसला, मला ठाऊक नाही. आईची क्षमा मात्र मी रोज मागतो.

नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यात घरच्यांनी मिळून एक संध्याकाळ फोटो घेऊन बसावे. नावे लिहावीत. जे झाकायला हवे ते झाकावे. आणि ज्यांची नावे लिहिली, त्यांच्यासाठी एक रोजरी म्हणावी.