न चावलेल्या सापाची साक्ष

पावसाळ्यात भातखाचरांत पाणी चढलं की उंदीर कोरड्या जागेकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतात. पालघर जिल्ह्यातल्या सालवडसारख्या गावात कोरडी जागा म्हणजे चाळीचं जोतं, भंगाराचा ढीग, तारापूर एमआयडीसीच्या कुंपणालगत रचलेली पिंपं. एका अंगाला शेती, दुसऱ्या अंगाला कारखाने आणि मधे लांबच्या राज्यांतून आलेल्या कामगारांच्या खोल्या. तिथे साप निघणं ही काही बातमी नव्हे. ‘जनावर निघालं’ अशी हाक उठते, कुणीतरी ओळखीच्या सर्पमित्राला फोन लावतो, तो मोटरसायकलवरून येतो. इथवर सगळं ठीक असतं. साप पिशवीत जाण्याआधी जे घडतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

नाग शेपटीला धरून उचलला जातो. त्याने फणा काढावा म्हणून त्याला डिवचलं जातं. मोबाइलवाल्यांना नीट दिसावा म्हणून तो चेहऱ्याजवळ नेला जातो; कुणी गळ्यात घालतो, कुणी फण्याचा मुकाही घेतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. आणि हे ‘काहीच होत नाही’ मला या साऱ्यातलं सर्वांत घातक वाटतं.

सापाला विष लागतं ते भक्ष्यासाठी. माणूस त्याला गिळता येत नाही, म्हणून माणसावर विष खर्च करण्याआधी नाग फणा काढतो, फुत्कारतो, कधी तोंड मिटूनच धडक मारतो. दात लागले तरी प्रत्येक वेळी विष उतरतंच असं नाही. डॉक्टर त्याला कोरडा दंश म्हणतात. पालघर जिल्ह्यात डहाणू-जव्हारकडे पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला आधी मंत्र घालणाऱ्या भगताकडे नेण्याची रीत जुनी आहे. भगताचे पुष्कळ रोगी वाचतात, कारण चावलेला साप बिनविषारी असतो किंवा दंश कोरडा असतो. श्रेय मात्र मंत्राला मिळतं. आपण शिकलेली माणसं त्याला अंधश्रद्धा म्हणतो. पण नागाला हातावर खेळवणाऱ्या तरुणाचा आत्मविश्वास याच हिशेबावर उभा आहे. सापाने दिलेली सूट तो आपल्या कसबाच्या खात्यावर जमा करतो, आणि भोवतीची गर्दी त्या खात्यावर टाळ्यांचा शिक्का मारते.

भगतांबद्दल एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने डहाणू तालुक्यात सर्पदंशावर काम केलं, तेव्हा डॉक्टर आणि आशा कार्यकर्त्यांच्या जोडीने भगतांनाही सोबत घेतलं. ही वाट मला फार मोलाची वाटते. मोबाइलवरच्या शूरांना असं सोबत कोण घेणार?

नाग निदान इशारा तरी देतो; मण्यार तोही धड देत नाही. दिवसा ती सुस्त असते, हातात घेतली तरी वेटोळ्यात डोकं लपवते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा कधी कधी जागही येत नाही. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. बिनविषारी कवड्या तिच्यासारखाच दिसतो. घोणसीलाही अजगराचं पिल्लू समजून उचलणारे असतात. जाणत्यांचीही गफलत होते. जो स्लोविन्स्की हा अमेरिकेचा नावाजलेला सर्पतज्ज्ञ 2001 च्या सप्टेंबरमध्ये म्यानमारच्या दुर्गम उत्तर भागात होता. निरुपद्रवी समजल्या गेलेल्या सापाच्या पिशवीत त्याने हात घातला. आत मण्यारीच्या जातीचा साप होता. सोबत्यांनी तासन्‌तास तोंडाने श्वास देऊन त्याला जगवण्याची शर्थ केली, पण तो वाचला नाही. वय अवघं 38.

आपल्याकडे या विषयात नीलिमकुमार खैरे यांचं नाव पहिलं निघतं. जानेवारी 1980 मध्ये पुण्यात ते काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास राहिले. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, महाराष्ट्राच्या एका पिढीने साप दिसताच काठी उचलणं सोडलं, हे मोठं ऋण आहे. साप विनाकारण चावत नाही, हे त्या खोलीत बसलेल्या माणसाने दाखवलं. तो बसला होता, हे महत्त्वाचं. त्या प्रयोगाने डिवचू नका हे सांगितलं, आणि आपण उचललं ते धाडस.

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांचे खेळ होत, ते न्यायालयाच्या आदेशाने थांबले. तिथे निदान श्रद्धा होती, वर्षातला एक दिवस होता. मोबाइलवर नागपंचमी रोजचीच झाली आहे. साप पकडून खेळवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याची जाणीव टाळ्या वाजवणाऱ्याला नसते, चित्रफीत पुढे धाडणाऱ्याला तर नसतेच.

या खेळाचा राग येतो तो आणखी एका कारणाने. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी, खेड्यातली. त्यांनी सापाला बोलावलं नव्हतं. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालतं. कोकणातल्या चापड्यावर ते चालत नाही. गंभीर दंशाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. खेळात दंश झालेल्या तरुणालाही त्या मिळाल्याच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण त्याच रात्री लावणीहून परतलेली एखादी बाई आणली गेली, तर कपाटात काय उरलं असेल?

म्हणून सर्पमित्राला उपदेश करण्याआधी मला त्याच्याभोवतीच्या कड्याशी बोलावंसं वाटतं. तो येतो तो बहुधा गरीब घरातला, बिनपगारी, रात्री-अपरात्री हाकेला धावणारा मुलगा असतो. आपण त्याला पेट्रोलचे पैसे देत नाही, कौतुक देतो, आणि त्या कौतुकाचा दर नाग जितका जवळ तितका चढा ठेवतो. सालवडच्या ग्रामसभेने एवढं ठरवावं: वन विभागाचा 1926 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे आकडे चाळीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, जवळच्या कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे ते पावसाळ्याआधी विचारून तिथेच खाली मांडावं, सर्पमित्राला आकडी, पिशवी आणि पेट्रोलचा खर्च द्यावा, आणि साप पिशवीत जाईपर्यंत बघ्यांना, त्यांच्या मोबाइलसकट, पाच-सहा मीटर मागे उभं करावं.