नोट जुनी झाली, वचन नाही



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चाळिसाव्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला धीर देतात, की या मार्गावर केलेली सुरुवात फुकट जात नाही, थोडंसं आचरणही मोठ्या भयातून सोडवतं. हा श्लोक मी कितीदा वाचलाय. पण तो मनात उतरला एका नोटेमुळे.

आजीच्या गीतेत खूण म्हणून ठेवलेली वीस पौंडांची कागदी नोट सापडली. अॅडम स्मिथचं चित्र असलेली. मामाने लंडनहून येताना आणली होती. मी ती घेऊन पैसे बदलून देणाऱ्याकडे गेलो, तर त्याने निम्म्याहून कमी भाव सांगितला.

"अहो, वीस छापलंय की त्यावर!"

तो शांतपणे म्हणाला, "३० सप्टेंबर २०२२ नंतर ही तिकडच्या दुकानात चालत नाही. मी ती खरी आहे का बघणार, अशा आणखी नोटा जमवणार, लंडनला पाठवणार, पैसे यायची वाट बघणार. तो खर्च आणि ती जोखीम मी आधीच कापतो."

घरी येऊन माहिती काढली. नोट खरी असेल तर बँक ऑफ इंग्लंड आजही पूर्ण वीस पौंड देते. त्याला मुदत नाही. सगळीकडे असं नसतं हं! फ्रान्सने जुन्या फ्रँकच्या नोटा बदलून देणं १७ फेब्रुवारी २०१२ ला कायमचं बंद केलं. म्हणजे शेवटी प्रश्न एकच, वचन कोणी दिलंय आणि ते किती काळ पाळणार आहे?

आणि कापले गेलेले पैसे? तो नोटेचा दोष नव्हता. मधल्या माणसाचा त्रास होता तो.

इथे मी थांबलो. कारण आजी हल्ली रोज म्हणते, "सगळे अध्याय पाठ होते रे, आता दोन ओळी आठवत नाहीत. वाया गेलं सगळं." आणि मी मोबाईलवरून नजर न काढता म्हणतो, "असू दे गं." एकच गोष्ट चारदा ऐकायचा माझा त्रास मी तिच्या किमतीतून कापत होतो. मधला माणूस मीच!

त्या रात्री तिच्याशेजारी बसून हा श्लोक मोठ्याने वाचला. अर्थ सांगितला. म्हटलं, "आजी, तू विसरलीस. ज्याने शब्द दिलाय, तो नाही विसरला." ती काही बोलली नाही. फक्त माझा हात धरून ठेवला.

नोट परत त्याच पानात ठेवलीय.

आजचा अभ्यास: घरातल्या एका माणसाचं बोलणं आज न कापता, पूर्ण ऐका. आणि मध्येच सुटलेली तुमची साधना? जिथे थांबली तिथून सुरू करा. जमा झालेलं बुडालेलं नाही.

राम कृष्ण हरी!