थारोळ्यातले पाणी कोणाचे?

आपल्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील जुन्या विहिरींवर मोटेचे दगडी खांब, थारोळे आणि जवळच जनावरांची डोण असे. चामड्याची मोट थारोळ्यात रिती होई, पाणी पाटाने शेतात जाई, आणि त्यातले थोडे डोणीत सोडले जाई. विजेचे पंप आले नि मोट थांबली. आता असल्या घडीव दगडांना फार्महाऊसच्या हिरवळीवर मान मिळू लागला आहे. डोणीत कमळे, थारोळ्यावर दिवे! मालकाने विकले, घेणाऱ्याने पैसे मोजले. यात बिघडले कुठे?

व्यवहारात काहीच नाही. फुटून खडी होण्यापेक्षा दगड शाबूत राहिला, असेही कोणी म्हणेल. आणि हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही.

परंतु डोण मालकाची असली तरी तिच्यातले पाणी कधी त्याच्या एकट्याचे होते काय? पाणी, गवत आणि आग यांत सारेच भागीदार आहेत, असे हुजुरांनी (स.) सांगितल्याचे हदीसमध्ये येते. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतील रूमा विहीर स्वतःच्या पैशाने विकत घेतली, ती लोकांना पाणी फुकट मिळावे म्हणून. तहानेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याची हकिकतही आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मोज्याला मी तर मोटच म्हणेन.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, नळदुर्गला बोरी नदीवरील बांधाच्या पोटात पाणीमहाल झाला. पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात, आत बसलेला माणूस कोरडा राहतो. तो महाल कोणाला आपल्या बागेत नेता येणार नाही. नेलाच, तर नुसत्या भिंती नि खिडक्या हाती लागतील. नदी मागेच राहील. डोण मात्र चार गडी उचलू शकतात, म्हणूनच तिच्याबाबतीत नीयतीचा प्रश्न उभा राहतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाण्याचे भांडे शोभेला ठेवताना हात थोडा अडखळावा.

दगड परत न्या, असे मी म्हणत नाही. ज्या विहिरीवरून तो निघाला ती बहुधा बुजलीही असेल. पण डोण हिरवळीवरून काढून फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवता येईल. त्या वाटेने धनगर मेंढ्या घेऊन जातात. बागेला रोज पाणी देणाऱ्या माळ्याला आणखी चार घागरी जड नाहीत.