चार नोंदींची चिठ्ठी

नवी विंडोज टाकली की एखादी रोजची वस्तू जागेवर नसते. वजनकाटा, सीएनसी मशीन, राउटर अशा उपकरणांना केबल लावून काम करणाऱ्यांचा हायपरटर्मिनल हा प्रोग्राम असाच गेला. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत तो मेनूत आयता मिळे. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली, तिच्यात तो नव्हता. पण लहान कारखान्यांतले संगणक पुढेही एक्सपीवरच चालत राहिले. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीला कंपनीचा आधार मिळणं थांबलं आणि पुष्कळांना तेव्हा कुठे ही उणीव जाणवली.

अशा वेळी जीव घाबरा होतो. मशीन तेच, केबल तीच, मग आपलंच काही चुकलं का, असं वाटत राहतं. अशा वेळी दोन मिनिटं शांत बसावं आणि स्वतःला विचारावं, तो प्रोग्राम नेमकं करत काय होता? उत्तर लहानसं आहे. कॉम पोर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट, उघडायचा, ठरलेल्या वेगाने अक्षरं पाठवायची, आलेली पडद्यावर दाखवायची. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, ही मांडणी कितीतरी उपकरणांना चालते. वेग चुकला तर पडद्यावर भलतीच चिन्हं उमटतात. तो जुळला की तीच अक्षरं नीट वाचता येतात. हे कळलं की अर्धी भीती जाते. सायमन टॅथम यांचा पुट्टी हा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि व्हिस्टा आली त्याच महिन्यात त्यात सिरियल पोर्टची सोय झाली. फाइल पाठवायची असेल तर टेरा टर्म आहे, तोही फुकट. हाताला नवं वळण लागेपर्यंत मात्र चार दिवस धीर धरावा लागतो.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हायपरटर्मिनलमध्ये ही सगळी मांडणी एका फाइलीत जतन करून ठेवता येई. ज्याने ती एकदा केली तो कधीच दुसरीकडे गेलेला असतो. बाकीचे त्या फाइलीवर दोनदा क्लिक करतात, काम होतं, आणि आत काय लिहिलंय हे बघायची वेळच येत नाही. त्यात कुणाचा आळस नाही. चालतंय ते कोण उघडून बघणार? पण प्रोग्राम गेला की ती फाइल उघडत नाही, आणि माहिती कुणाच्याच डोक्यात नसते.

म्हणून आज कामाला लागण्याआधी एवढं करा. ज्या उपकरणाशी तुमचा संगणक जोडलेला आहे, त्याच्या वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट या चार नोंदी आणि पोर्टचा क्रमांक एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा, खाली तारीख घाला आणि तो मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला तो सापडेल.