भुताची जात

मेल्यावर तरी जात सुटते का? आपल्याकडच्या भुतांनाच विचारा. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी पोरगा मेला, की तो मुंजा. मुक्काम पिंपळावर. ज्यांच्यात मुंजच नाही त्यांच्या पोरानं कितीही तळमळून जीव सोडू दे, तो मुंजा होत नाही. 2024 च्या 'मुंज्या' या हिंदी सिनेमानं कोकणातली ही दंतकथा उचलली. भूत संगणकावर घडवलं, लग्नाची हाव ठेवली, हसवलं, दचकवलं. जानव्याचा सवाल तेवढा विचारला नाही.

अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. अशा कितीजणी उपचाराविना गेल्या, आणि गावानं भ्यायचं ते त्यांनाच! 2018 च्या 'स्त्री'नं निदान एवढं तरी विचारलं, की चंदेरीतल्या त्या बाईला मारलं कुणी? गावकऱ्यांनीच. मग भूत कोण?

भुतं खोटी, हे आपण ठणकावून सांगतोच. सांगायलाच पाहिजे. पण भुतामागचं मरण खोटं नसतं. दंतकथेवर पैसा कमावणाऱ्यानं त्या मरणाचा हिशेब द्यावा. नुसतं भिववायचं, तर मेलेल्याला पुन्हा गाडल्यासारखंच झालं. म्हणून गड्यांनो, सिनेमा बघा, पण बाहेर पडताना एक विचारा: मेलं कोण, आणि कुणामुळं?