दहा सेकंदांची मुभा

१९८७ साली ई-म्यू या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने एसपी-१२०० नावाचा सॅम्पलर बाजारात आणला. कुठलाही आवाज टिपून घ्यायचा आणि बटणं दाबून तो हव्या त्या लयीत वाजवायचा, एवढंच या यंत्राचं काम. त्यात मावायचे जेमतेम दहा सेकंद, आणि एका तुकड्याला फार तर अडीच. न्यूयॉर्कच्या हिप-हॉप संगीतकारांनी त्यावर युक्ती काढली. मिनिटाला ३३ फेरे घेणारी एलपी ते मुद्दाम ४५च्या वेगाने लावत, तो घाईचा, चिरका आवाज यंत्रात भरत आणि मग यंत्रातच त्याची पट्टी खाली उतरवत. दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचा ऐवज बसे. या खटाटोपात आवाजाचा तलमपणा जाई आणि त्याला खरबरीत, धुळकट पोत येई. त्यांच्यातल्याच पीट रॉकच्या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामात तो पोत स्पष्ट ऐकू येतो. पुढे तासन्‌तास ध्वनी साठवणारे संगणक आले, आणि लोक तोच खरबरीतपणा देणारी सॉफ्टवेअर पैसे मोजून घेऊ लागले.

अशी उदाहरणं ऐकली की ‘टंचाईतूनच कला जन्मते’ हा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. एसपी-१२००ची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या सामान्य तरुणाला ती परवडणारी नव्हती. स्वस्त होत्या त्या रेकॉर्डी. त्याच सुमारास सीडी रुळू लागली होती. घरोघरच्या एलपी अडगळीत, तिथून जुन्या सामानाच्या दुकानांत आणि तिथून डॉलर-दोन डॉलरच्या खोक्यांत जाऊन पडत होत्या. विस्मरणात गेलेले सोल गायक, शाळांचे जॅझ बँड, चित्रपटांचं पार्श्वसंगीत, व्यायामाच्या सूचना, धर्मोपदेश, असं सगळं तिथे एकाच भावात मिळे.

या स्वस्ताईने संगीतकाराला चुकण्याची सोय दिली. नवी, महागडी रेकॉर्ड माणूस नाव बघून, परीक्षण वाचून घेतो. डॉलरला मिळणारी रेकॉर्ड तो केवळ वेष्टणावरचं चित्र किंवा ड्रमवादकाचं नाव पाहून उचलतो. दहांतल्या नऊ टाकाऊ निघाल्या तरी बिघडत नाही, कारण दहावीत कुठेतरी गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि दोन सेकंद फक्त ड्रम वाजतो. त्या दोन सेकंदांसाठी सगळा शोध. तिथे घराणं, प्रतिष्ठा, खप यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. निवाडा कानालाच करावा लागतो. हिप-हॉपचा आद्य प्रवर्तक डीजे कूल हर्क १९७०च्या दशकात आपल्या रेकॉर्डींवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकत असे. प्रतिस्पर्ध्यांना गाण्याचा पत्ता लागू नये हा त्याचा हेतू होता, पण त्यामुळे श्रोत्यापुढे उरायचा तो निव्वळ आवाज.

या वाटेने सर्वांत दूरवर गेला तो जॉश डेव्हिस, म्हणजे डीजे शॅडो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत जुन्या रेकॉर्डींचं एक दुकान होतं आणि त्याच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डींचे ढीग रचलेले होते. शॅडो वर्षानुवर्षं तिथे बसून ते ढीग उपसत राहिला. १९९६ साली आलेला त्याचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा आल्बम मुख्यतः एक टर्नटेबल आणि अकाई कंपनीचा एमपीसी-६० सॅम्पलर यांवर रचलेला आहे. संपूर्णपणे सॅम्पलांवर उभा राहिलेला पहिला आल्बम अशी त्याची नोंद गिनीजने केली. एका रेकॉर्डीतला ड्रम, दुसरीतला पियानो आणि तिसरीतला कुणाचा तरी संवाद, यांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नव्हती. इथे ते जन्मापासून एकत्र असल्यासारखे वाजतात. ही किमया यंत्राची मर्यादा करत नाही. मर्यादा एवढंच सांगते की सगळं ठेवता येणार नाही. काय ठेवायचं हे ज्याने हजारो तास ऐकलं आहे त्यालाच कळतं.

मर्यादा आणि स्वस्ताई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक कळायला मुंबईचं एक उदाहरण फार उपयोगी आहे. रोलँड या जपानी कंपनीने टीबी-३०३ हे छोटं यंत्र काढलं, ते गिटारवादकाला घरी साथीला बेस मिळावा म्हणून. ते वापरायला किचकट होतं, आवाजही खऱ्या बेससारखा नव्हता. १९८४पर्यंत उत्पादन बंद पडलं. वापरलेली यंत्रं पडत्या भावात विकली जाऊ लागली. त्यातलं एक शिकागोतल्या ‘फ्युचर’ या तरुणांच्या गटाच्या हाती लागलं. यंत्र चालू असतानाच त्याच्या कळा पिळत त्यांनी जे निर्माण केलं, ते १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून प्रसिद्ध झालं आणि नृत्यसंगीताचा एक अख्खा प्रवाह त्यातून निघाला.

पण त्याआधी पाच वर्षं, १९८२ साली, मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच यंत्र, सोबत टीआर-८०८ हे ड्रमयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा रागांची तबकडी केली. एचएमव्हीने ती काढली. सिंग यांची यंत्रं भंगारातली नव्हती, नवी होती. त्यांनी बंधन घेतलं ते रागाचं: स्वर ठरलेले, चलन ठरलेलं, खाली डिस्कोचा न बदलणारा ठेका. टीबी-३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्य बेससाठी ठेवलेली ती सोय इथे मींडेच्या जवळ जाते. तबकडी चालली नाही. मग ती स्वतःच जुन्या बाजारातला माल झाली. २००२ साली दिल्लीत एका डच संग्राहकाला सापडली आणि २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले.

या कथेची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. डॉलरला घेतलेल्या रेकॉर्डीचा डॉलर दुकानदाराला जातो. वाजवणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. द विन्स्टन्सच्या १९६९ सालच्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनचा सहा-सात सेकंदांचा ड्रम हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन २००६ साली गेला तो बेघर अवस्थेत. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’वर ड्रम वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचं नाव गीतकार म्हणून कुठेच नव्हतं, म्हणून स्वामित्वधनातही नव्हतं.

१९९१ साली अमेरिकी न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला, तोही विनापरवाना सॅम्पलिंग म्हणजे सरळ चोरी, या भूमिकेतून. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि किंमत आली. डे ला सोल या गटाचे सुरुवातीचे आल्बम सॅम्पलांच्या परवान्यांच्या गुंत्यामुळे २०२३पर्यंत स्ट्रीमिंग सेवांवर ऐकायलाच मिळत नव्हते. या निकालाने अन्याय दूर झाला असता तर त्याचं स्वागतच करायला हवं होतं. पण पैसा गेला तो रेकॉर्ड कंपन्या आणि प्रकाशनहक्कांच्या मालकांकडे. ड्रम वाजवणारा होता तिथेच राहिला, आणि नव्या, कफल्लक संगीतकाराच्या हातून मात्र हत्यार गेलं.

आपल्याकडेही हा हिशेब बाकी आहे. मॅडलिब या अमेरिकी हिप-हॉप संगीतकाराने २००७ साली हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांतून एक अख्खा आल्बम केला. त्या मूळ गाण्यांत ट्रम्पेट, व्हायोलिन, ड्रम वाजवणारे कितीतरी जण गोव्यातून मुंबईला आलेले होते. रेकॉर्डीच्या वेष्टणावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत, त्यांची नसत. २०१२ साली भारतीय कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंतांना सादरीकरणाच्या स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीत एक अपवादही आहे: चित्रपटातलं ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि श्रेयनामावलीत ज्याचं नाव देण्याची प्रथा नाही, तो या हक्कापुरता कलावंत धरला जात नाही. म्हणजे नाव न देण्याची जुनी सवयच हक्क नाकारण्याचा आधार ठरू शकते. जुन्या रेकॉर्डींतले दोन सेकंद इतके मोलाचे आहेत हे जगभरच्या संगीतकारांनी दाखवून दिल्यावर तरी हा अपवाद काढून टाकायला हवा, आणि ध्वनिमुद्रणांच्या जुन्या वह्या-पावत्यांतून वादकांची नावं जुळवण्याचं काम, ते वादक हयात आहेत तोवर, कंपन्यांनी हाती घ्यायला हवं.